हवामान, मावा आणि माव्यावरील परोपजीवी गांधीलमाशी

रब्बीच्या हंगामात चार दिवस आभाळ भरून आले, ऊन दिसेनासे झाले, की शेतकऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती माव्याची. आदल्या आठवड्यात स्वच्छ दिसणाऱ्या करडईच्या शेंड्यावर काळी रास जमलेली असते. ज्वारीच्या पानावर चिकटा चमकू लागतो. कोबीची पाने आतून राखी दिसतात. "ढगाळी आली की मावा पडतो" हे शेतकऱ्याचे निरीक्षण खरे आहे. परंतु मावा आभाळातून पडत नाही. तो शेतात आधीपासूनच असतो. हवामान पालटल्यामुळे त्याला मोकळीक मिळते इतकेच. ही मोकळीक कशी मिळते, ती किती दिवस टिकते आणि ऊन पडल्यावर ती कोण हिरावून घेते, हे समजले तर औषधावरील पुष्कळ खर्च वाचविता येतो. न समजल्यास नेमक्या नको त्या दिवशी फवारणी होते, माव्याचा वैरी मरतो आणि मावा मात्र पुन्हा वाढतो.

माव्याची वाढ झपाट्याने का होते?

मावा ही एक कीड नसून अनेक जातींचा समूह आहे. करडईवरील काळा मावा, मोहरी व कोबीवरील मावा, कपाशी, भेंडी व मिरचीवरील मावा, चवळी, वाल व भुईमुगावरील काळा मावा, ज्वारीच्या पोंग्यातील निळसर हिरवा आणि पानाखालील पिवळसर मावा, अशा त्याच्या निरनिराळ्या जाती आहेत. या सर्वांचा आहार एकच, तो म्हणजे पिकाचा रस. सुईसारखी सोंड पानात खुपसून मावा रस शोषतो. त्या रसात साखर फार आणि पोषक द्रव्ये थोडी असल्यामुळे जास्तीची साखर तो गोड, चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. त्यावर काळी बुरशी वाढते, पाने काजळल्यासारखी दिसतात आणि त्यांना अन्न तयार करणे कठीण होते. काही जाती विषाणूरोगांचा प्रसारही करतात.

माव्याची खरी ताकद त्याच्या प्रजननात आहे. आपल्याकडील उष्ण हवामानात माव्याच्या माद्या सामान्यतः नराशिवाय आणि अंडी न घालता थेट पिलांना जन्म देतात. ही पिलेही माद्याच असतात. इतकेच नव्हे, तर जन्माला येणाऱ्या पिलाच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच वाढू लागलेले असतात. हवामान मानवल्यास आठ-दहा दिवसांत पिलू मोठे होऊन स्वतः पिले देऊ लागते. झाडावर गर्दी झाली किंवा पीक जून होऊ लागले की पंख असलेले मावे निपजतात आणि वाऱ्याबरोबर नव्या शेतात जातात.

अशी ही कीड जर अनिर्बंध वाढती, तर कोणतेही पीक हाती लागले नसते. परंतु बहुतेक वर्षी तसे होत नाही. याचे कारण माव्याचे नैसर्गिक शत्रू होत. ढालकिडे, हिरवा जाळीदार पंखांचा क्रायसोपा आणि सिरफिड माशीच्या अळ्या मावा खातात हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु सर्वांत नेटाने काम करणारा एक शत्रू सहसा नजरेस पडत नाही. तो म्हणजे परोपजीवी गांधीलमाशी.

न दिसणारा वैरी

गांधीलमाशी म्हटले की डंख करणारी पिवळी माशी डोळ्यांसमोर येते. येथे वर्णिलेली माशी त्याच मोठ्या गटातील असली तरी चिलटाएवढी, अवघी दोन-तीन मिलिमीटर लांबीची असते. माणसास ती मुळीच डसत नाही. मादी माव्याजवळ येते, आपले पोट पायांमधून पुढे वाकविते आणि क्षणार्धात माव्याच्या शरीरात एक अंडे घालते. एक मादी आपल्या थोड्या दिवसांच्या आयुष्यात शेकडो मावे टोचू शकते.

अंड्यातून निघालेली अळी माव्याला आतून खाऊ लागते. मावा आणखी काही दिवस जिवंत राहतो, रसही शोषतो. म्हणून बाहेरून काहीच कळत नाही. शेवटी अळी माव्याच्या पोटाला खालून भेग पाडते, रेशमासारख्या धाग्याने त्याला पानावर चिकटविते आणि रिकाम्या कातडीत कोषावस्थेत जाते. या वेळी मावा फुगून गोल व गवताच्या काडीसारख्या फिक्या तपकिरी रंगाचा होतो. शास्त्रज्ञ या टरफलास ममी म्हणतात. ॲफेलिनस नावाच्या गटातील माशीने टोचलेल्या माव्याची ममी मात्र काळी असते. कोष पूर्ण झाला की माशी टरफलाच्या पाठीला वाटोळे भोक पाडून बाहेर पडते. सुमारे २० अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून माशीपर्यंतचा हा प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास पुरा होतो. त्यांपैकी निम्म्याहून अधिक काळ टोचलेला मावा बाहेरून धडधाकटच दिसतो.

मोहरी व कोबीवरील माव्यात डायरेटिएला, चवळीवरील व कपाशीवरील माव्यात ट्रायॉक्सिस इंडिकस, अशा निरनिराळ्या जातींच्या माश्या आपल्या देशात आढळतात. त्या विकत आणाव्या लागत नाहीत. शेतात त्या आपण होऊन येतात. प्रश्न इतकाच की त्या वेळेवर येतात की उशिरा. याचे उत्तर बव्हंशी हवामान देते.

उष्णतेचा हिशेब

किडीच्या अंगात माणसाप्रमाणे स्वतःची स्थिर उष्णता नसते. हवा थंड झाली की तिची वाढ मंदावते, ऊब आली की वाढ वेग घेते. प्रत्येक जातीसाठी एक किमान तापमान असते. त्याखाली वाढ जवळजवळ थांबते. त्या मर्यादेच्या वर दररोज जितके अंश उष्णता मिळते, तितकी त्या किडीच्या खाती जमा होते. ठरावीक बेरीज पुरी झाली की पिढी पुरी झाली.

अनेक देशांत मावा आणि त्यावरील माश्या यांची ही किमान मर्यादा मोजण्यात आली. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट आढळून आली. सामान्यतः माशीची मर्यादा तिच्या भक्ष्य माव्याच्या मर्यादेहून थोडी वर असते. फरक एक-दोन अंशांचाच, पण त्याचा परिणाम मोठा होतो. हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, माव्याची किमान मर्यादा ५ अंश आहे आणि पिढी पुरी होण्यास १२० अंशांची बेरीज लागते. माशीची मर्यादा ७ अंश आहे आणि तिला २०० अंशांची बेरीज लागते. दिवसरात्रीचे सरासरी तापमान १० अंश असेल, तर माव्याच्या खाती दररोज ५ अंश जमा होतील व त्याची पिढी २४ दिवसांत पुरी होईल. माशीच्या खाती मात्र दररोज ३ अंशच जमा होतील आणि तिला सुमारे ६७ दिवस लागतील. म्हणजे माशीची एक पिढी होईतो माव्याच्या जवळजवळ तीन पिढ्या होतील. आता सरासरी तापमान २० अंशांवर गेले असे धरा. माव्यास दररोज १५ अंश मिळून त्याची पिढी ८ दिवसांत पुरी होईल, तर माशीस १३ अंश मिळून तिची पिढी १५ ते १६ दिवसांत पुरी होईल. आता माशीच्या एका पिढीत माव्याच्या दोनही पिढ्या होत नाहीत. ऊब वाढल्याने दोघांचाही वेग वाढला, पण माशीचा अधिक प्रमाणात वाढला.

याशिवाय आणखी एक गोष्ट आहे. माव्याला पोट भरण्यासाठी कोठे जावे लागत नाही. सोंड खुपसून बसल्या जागी तो वाढतो. माशीला मात्र उडावे लागते, पानापानावर हिंडून मावा हुडकावा लागतो. उडण्यासाठी आणि टोचण्यासाठी आतील वाढीपेक्षा पुष्कळ अधिक ऊब लागते. पाऊस, जोराचा वारा आणि ओली पाने यांत तिचे हिंडणे बंद पडते. म्हणून थंड आणि कुंद दिवसांत मावा वाढत राहतो आणि त्याचा वैरी मात्र स्वस्थ बसून असतो.

कॅन्ससमधील १९०७ सालचा अनुभव

या तत्त्वाचा प्रत्यय अमेरिकेच्या गहू पिकविणाऱ्या प्रदेशात १९०७ साली मोठ्या प्रमाणावर आला. तेथे गव्हावर हिरव्या रंगाचा एक मावा पडतो. तिकडील शेतकरी त्यास 'ग्रीन बग' म्हणतात. त्या वर्षी हिवाळा सौम्य गेला आणि पुढचा वसंत लांबला व गारठ्याचा ठरला. सौम्य हिवाळ्यात मावा जगला आणि वाढला. गार वसंतात त्याची वाढ चालूच राहिली. टेक्सास, ओक्लाहोमा आणि कॅन्सस या भागांतील गव्हाची अतोनात हानी झाली.

या माव्याची वाढ सुमारे ६ अंश सेल्सिअसपासून सुरू होते. त्यावरील लायसिफ्लेबस नावाची माशी मात्र सुमारे १३ अंशांच्या खाली कामाला लागत नाही. या दोन आकड्यांमधील दिवस म्हणजे माव्याचे सुगीचे दिवस. कॅन्सस विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ एस. जे. हंटर यांनी त्या वसंतात टोचलेले मावे गोळा करून राज्यातील शेतकऱ्यांस वाटले आणि माशीचा प्रसार करण्याचा प्रयत्न केला. हवा तापल्यावर माव्याचा नायनाट झालाही. परंतु हे यश वाटलेल्या माश्यांचे की उन्हाचे, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. संघ सरकारच्या कीटकशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, माशी शेतात आधीपासूनच सर्वत्र होती. ती उबेची वाट पाहत होती. हंटर आणि त्यांचे सहकारी पी. ए. ग्लेन यांनी १९०९ साली हवामानाचा या मावा-माशीच्या जोडीवर होणारा परिणाम याच विषयावर आपले संशोधन प्रसिद्ध केले.

या वादातून निघालेला बोध आजही उपयोगी आहे. माश्या बाहेरून आणून सोडल्या तरी हवा प्रतिकूल असेल तर त्यांचा उपयोग होत नाही. हवा अनुकूल झाली आणि शेतातील माश्या जिवंत असल्या, तर त्या आपले काम आपण करतात. शेतकऱ्याच्या हाती आहे ते इतकेच की, त्या तोवर जिवंत राहाव्यात.

हवामानास मानवणारी जात

थंडीप्रमाणे कडक उन्हाचाही माशीवर परिणाम होतो. कॅलिफोर्नियातील अक्रोडावरील माव्याचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. त्या माव्यासाठी १९५९ साली फ्रान्समधून ट्रायॉक्सिस पॅलिडस ही माशी आणण्यात आली. समुद्राजवळच्या सौम्य हवेत ती स्थिरावली. परंतु अक्रोडाच्या मोठ्या बागा ज्या मधल्या खोऱ्यात आहेत, तेथील उष्ण व कोरड्या उन्हाळ्यात ती टिकेना. तेव्हा त्याच जातीची, पण इराणच्या उष्ण व कोरड्या पठारावरील माशी १९६८ साली आणण्यात आली. ती त्या खोऱ्यात झपाट्याने पसरली आणि माव्याचा बंदोबस्त झाला. जात एकच असूनही, ज्या मुलखात ती पिढ्यान् पिढ्या वाढली त्या मुलखाची हवा तिच्या अंगी मुरलेली असते. ज्वारीचे देशी वाण ज्याप्रमाणे आपल्या मुलखात अधिक तग धरते, त्याचप्रमाणे हे आहे.

उन्हाळ्याची बाजू

तापमान वाढत गेले की माशीचा फायदा वाढतच जातो, असे मात्र नाही. बहुतेक माव्यांची वाढ २० ते २५ अंशांच्या आसपास उत्तम होते. ३० अंशांच्या पुढे त्यांचे आयुष्य घटते व पिले कमी होतात. माश्यांच्या अनेक जातींना तीव्र उष्णता माव्याहूनही कमी सोसवते. आपल्याकडे मार्चनंतर रब्बी पिकावरील मावा ओसरतो तो केवळ शत्रूंमुळे नव्हे, तर कडक ऊन आणि पिकाचे पक्व होणे यांमुळेही.

उष्णतेचा एक परिणाम अगदी अनपेक्षित आहे. वाटाण्यावरील माव्याच्या काही माद्यांच्या शरीरात हॅमिल्टोनेला नावाचा सूक्ष्म जिवाणू वास करतो. तो माशीची अळी वाढू देत नाही, त्यामुळे असा मावा टोचला जाऊनही वाचतो. परंतु २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, तापमान फार वाढले म्हणजे माव्याचे हे कवच निकामी होते आणि माशी यशस्वी होते. एकाच उष्णतेने एका बाजूस माशीला त्रास होतो आणि दुसऱ्या बाजूस माव्याचे कवचही गळून पडते. यास्तव 'उष्णता वाढली की मावा वाढेल' किंवा 'उष्णता वाढली की मावा घटेल' अशी सरसकट विधाने करणे योग्य नाही. किती उष्णता, किती दिवस आणि पिकाच्या कोणत्या अवस्थेत, हे पाहावे लागते.

महाराष्ट्रातील परिस्थिती

महाराष्ट्रातील हिवाळा कॅन्ससइतका कडक नसतो. निफाडसारख्या ठिकाणी कडाक्याच्या थंडीत रात्री पारा पुष्कळ खाली जातो, हे खरे; परंतु दुपारी ऊन पडले की हवा २५ अंशांच्या आसपास येते व माशी काही तास तरी काम करू शकते. म्हणून आपल्याकडे निव्वळ थंडी माशीला फार दिवस रोखून धरीत नाही. तिला रोखते ती ढगाळी. आभाळ भरले की दुपारची ऊब मिळत नाही, पाने ओलसर राहतात, माशीचे हिंडणे थांबते. त्याच वेळी रात्री फारशा थंड होत नाहीत, पीक कोवळे व रसरशीत राहते आणि माव्याला हवे तसे हवामान मिळते. जोराचा पाऊस झाला तर मावा धुऊन जातो. परंतु पाऊस न पडता नुसते आभाळ राहिले तर तो फोफावतो.

यात पेरणीच्या वेळेचाही मोठा भाग आहे. करडई उशिरा पेरली की तिची कोवळी अवस्था आणि माव्याच्या वाढीचा काळ एकत्र येतात. म्हणून उशिरा पेरलेल्या करडईवर उपद्रव अधिक होतो. वेळेवर पेरलेले पीक तोवर निबर झालेले असते. नत्र खताची मात्रा शिफारशीहून अधिक दिल्यास पाने लुसलुशीत होतात आणि मावा अधिक वाढतो. हवामान शेतकऱ्याच्या हाती नाही. परंतु त्या हवामानात पीक कोणत्या अवस्थेत सापडावे, हे काही अंशी त्याच्या हाती आहे.

उसावरील लोकरी माव्याचा धडा

माव्याच्या नैसर्गिक शत्रूंचे मोल महाराष्ट्राला पटले ते २००२ साली. त्या वर्षीच्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातील उसावर लोकरी मावा आढळला आणि पाहता पाहता तो कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांत व उत्तर कर्नाटकात पसरला. पानांच्या खालच्या बाजूस पांढऱ्या लोकरीसारखे थर आणि खालच्या पानांवर काळी बुरशी, असे त्याचे रूप होते. ढगाळ, दमट हवेत तो वाढे आणि कडक उन्हाळ्यात ओसरे. उंच, दाट उसात शिरून पानाच्या खालच्या बाजूस औषध पोचविणे हे काम किती कठीण आहे, हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. खर्च झाला, आणि मावा पुन्हा आलाच.

पुढे शेतांतच त्याचे शत्रू दिसू लागले. डिफा नावाच्या पतंगाची अळी, जिला शेतकरी त्या काळी कोनोबाथ्रा या नावाने ओळखू लागले, आणि मायक्रोमस हे दोन भक्षक कीटक लोकरी माव्याचे थर खाऊन साफ करू लागले. ज्या शेतात ते आढळत तेथील पाने काढून दुसऱ्या शेतात लावण्याचे काम गावोगाव झाले. त्यानंतर आसाममधील एन्कार्शिया ही परोपजीवी माशी आणून सोडण्यात आली. ती येथील ऊसपट्ट्यात स्थिरावली. पुढील काळात लोकरी माव्याचा उपद्रव पूर्वीसारखा राहिला नाही. जेथे वारंवार औषध मारले गेले किंवा पाचट जाळले गेले, तेथे या मित्रकीटकांना थारा मिळणे कठीण होते, ही गोष्ट यातून ध्यानात घ्यावयाची.

शेतात काय पाहावे?

फवारणीचा विचार करण्यापूर्वी गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यासह शेतात जाऊन पुढील पाहणी करावी.

१. शेताच्या चारही बाजू आणि मध्य धरून निरनिराळ्या ठिकाणची सुमारे वीस झाडे निवडावीत. केवळ बांधाकडेची झाडे पाहू नयेत; मावा पुष्कळदा तेथूनच सुरू होतो व अंदाज चुकतो.

२. शेंडे आणि पानांची खालची बाजू पाहावी. जिवंत मावा किती व फुगलेली, गवती किंवा काळ्या रंगाची टरफले किती, हे वेगवेगळे मोजून वहीत लिहावे. साधे भिंग जवळ असल्यास उत्तम.

३. टरफलांवरील भोक पाहावे. ते वाटोळे व स्वच्छ कडेचे असल्यास उपयुक्त माशी बाहेर पडली असे समजावे. कड वेडीवाकडी, कुरतडल्यासारखी असल्यास त्या माशीवरच जगणारी दुसरी माशी निघालेली असण्याचा संभव असतो. अशा भोकांचे प्रमाण फार वाढल्यास केवळ परोपजीवी माशीच्या भरवशावर राहू नये.

४. ढालकिडे, क्रायसोपा व सिरफिडच्या अळ्या यांचीही नोंद करावी. ढालकिड्याची काळी, काटेरी अळी ही कीड समजून कित्येकदा मारली जाते. ती शेतकऱ्यास आवर्जून दाखवावी.

५. तीन-चार दिवसांनी त्याच ठिकाणी पुन्हा मोजणी करावी. एका दिवसाची मोजणी फारसे सांगत नाही. दोन मोजण्यांतील फरक खरी स्थिती सांगतो.

टरफलांची संख्या वाचताना एक चूक टाळावयास हवी. आज दिसणारे टरफल म्हणजे सुमारे आठवड्यापूर्वी टोचलेला मावा होय. समजा, आठ-नऊ दिवसांपूर्वी झाडावर १०० मावे होते व त्यांपैकी २० टोचले गेले. मावा दर तीन दिवसांनी दुप्पट होत असेल, तर आज तेथे ८०० च्या आसपास मावे दिसतील आणि त्यांत टरफले अवघी २०. पाहणाऱ्यास वाटेल की, माशीचे काम शेकडा अडीचच आहे. वस्तुतः ते शेकडा वीस होते, आणि आज धडधाकट दिसणाऱ्या माव्यांतही कित्येक टोचलेले आहेत. म्हणून टरफले थोडी दिसली तरी ती वाढत आहेत की नाहीत, हे पाहणे महत्त्वाचे.

फवारणीचा निर्णय

वरील पाहणीबरोबर हवामानाचा अंदाज जोडावा. आभाळ निवळून ऊन पडण्याची चिन्हे असतील, टरफले दिसू लागली असतील आणि पीक फुलोऱ्याच्या पुढे गेले असेल, तर तीन-चार दिवस थांबून पुन्हा मोजणी करणे बहुधा हिताचे ठरते. याच्या उलट, पीक कोवळे असेल, मावा झपाट्याने वाढत असेल, टरफले व ढालकिडे जवळजवळ नसतील आणि ढगाळी लांबण्याचा अंदाज असेल, तर थांबण्यात धोका आहे. थांबणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. जो थांबतो त्याने चौथ्या दिवशी शेतात गेलेच पाहिजे.

उपाय करावयाचा झाल्यास प्रथम फक्त माव्याने भरलेले शेंडे व झाडे यांकडे लक्ष द्यावे. प्रारंभी मावा काही जागीच असतो. तेवढ्याच जागी ५ टक्के निंबोळी अर्क फवारल्यास काम भागू शकते. त्याने न भागल्यास त्या पिकासाठी शिफारस केलेले कीटकनाशक कृषी विभागाच्या सल्ल्याने, सांगितलेल्या मात्रेतच वापरावे. दुपारच्या उन्हात माशी हिंडत असते, म्हणून फवारणी सायंकाळी करावी. टरफलात असलेल्या माशीला फवाऱ्यापासून काहीसा आसरा असतो. हिंडणाऱ्या माशीला तो नसतो. पहिल्या फवारणीनंतर लगेच, सवयीने दुसरी फवारणी करू नये. त्या मधल्या दिवसांत टरफलांतून माश्या बाहेर पडत असतात.

बांधावर व पिकाच्या कडेने चवळीसारखे पीक थोडे ठेवल्यास त्यावरील माव्यावर मित्रकीटक आधीच वाढतात आणि मुख्य पिकाकडे येतात. माशीला मधुरसही लागतो. फुलणारी कोथिंबीर, बडीशेप यांवर तिला तो मिळतो.

बदलते हवामान

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १९६४ सालापासून १२.२ मीटर उंचीच्या शोषक सापळ्यांनी उडणारा मावा पकडून त्याची मोजदाद ठेवली जाते. या दीर्घ नोंदींवरून असे दिसले आहे की, जानेवारी-फेब्रुवारीचे सरासरी तापमान १ अंशाने अधिक असले, तर बटाट्यावर येणारा हिरवा मावा वसंतात सुमारे दोन आठवडे लवकर उडू लागतो. एका अंशाचा हा परिणाम आहे.

आपल्याकडील हवामान निराळे असल्याने तेच आकडे येथे लागू करता येणार नाहीत. परंतु हिवाळ्यात अवेळी येणारी ढगाळी व पाऊस, आणि लवकर सुरू होणारा उन्हाळा, यांमुळे मावा आणि माशी यांचा मेळ बिघडू शकतो, हे ध्यानात घ्यावयास हवे. मावा आधी आला आणि माशी मागाहून आली, तर मधले दिवस पिकाला जड जातात. ठरावीक तारखेस फवारणी करण्याची पद्धत अशा काळात उपयोगाची नाही. पूर्वी ज्या पंधरवड्यात मावा येत असे, त्याच पंधरवड्यात तो येईल असे नाही.

यास्तव प्रत्येक गावात निदान दोन-तीन शेतांवर दर आठवड्यास माव्याची व टरफलांची मोजणी व्हावी आणि त्याच वहीत आभाळ, पाऊस व थंडी यांची नोंद राहावी. यासाठी भिंग, वही आणि अर्ध्या तासाचा वेळ याहून अधिक काही लागत नाही. तीन-चार हंगामांच्या नोंदी जमल्या की, ढगाळी किती दिवस टिकल्यावर मावा हाताबाहेर जातो आणि ऊन पडल्यावर माशी किती दिवसांत त्याला गाठते, हे त्या गावचा शेतकरी आपल्या शेतापुरते स्वतःच सांगू शकेल. मग आभाळ भरून आले तरी पंप उचलण्यापूर्वी तो पान उलटून पाहील.